एमआरएवाय या पटलस्थ एन्झाइमविरुद्ध सापडलेली संयुगे खरी आहेत हे कसे ठरवावे?

प्रश्न: लिपिडवाट

नमस्कार. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीतील पेशीपटलावर घडणारी पहिली पायरी एमआरएवाय हे एन्झाइम पार पाडते. या एन्झाइमविरुद्ध आमच्या गटाने नुकतीच संयुगांची एक चाळणी, म्हणजे मोठ्या संग्रहातून त्याला अडवणारी संयुगे शोधण्याची तपासणी, पूर्ण केली आहे. हाती आलेल्या निष्कर्षांचा अर्थ लावताना मी अडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांचा या एन्झाइमशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, पेशीद्रवात तयार झालेल्या यूडीपी-म्युरामिल-पेंटापेप्टाइड या विद्राव्य घटकातील फॉस्फेटसह साखर-पेप्टाइडाचा भाग एमआरएवाय उचलते आणि पटलातल्या अनडेकॅप्रेनिल फॉस्फेट या ५५ कार्बनी लिपिडावर बसवते. त्यातून लिपिड-१ तयार होते आणि यूएमपी मोकळे होते. पुढे मर-जी हे एन्झाइम त्यावर दुसरी साखर जोडते, तयार झालेले लिपिड-२ पटलाच्या बाहेरच्या बाजूस उलटवले जाते आणि तिथे भित्तिकेचे जाळे विणले जाते. हे लक्ष्य आम्ही निवडले याची कारणे उघड आहेत. ही पायरी बंद पडली की जीवाणू जगत नाही. फाय-एक्स १७४ हा छोटासा विषाणूसुद्धा आपल्या ई या एकाच प्रथिनाने हेच एन्झाइम अडवून ई. कोलायची पेशी फोडतो. ट्युनिकामायसिन, म्युरायमायसिन, कॅप्युरामायसिन, लिपोसिडोमायसिन, म्युरेडोमायसिन अशी न्यूक्लिओसाइड कुळातील अनेक नैसर्गिक संयुगे याच एन्झाइमवर काम करतात. शिवाय २०१३ साली ॲक्विफेक्स इओलिकस या जीवाणूच्या एमआरएवायची स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्यापासून त्याचे दहा पटलभेदी सर्पिल कसे मांडलेले आहेत हेही माहीत आहे. इतके असूनही या एन्झाइमविरुद्धचे एकही औषध आज रुग्णांच्या वापरात नाही.

आमची चाचणी अशी आहे. शुद्ध केलेले एन्झाइम ०.१ टक्के डोडेसिल माल्टोसाइड या डिटर्जंटमध्ये ठेवतो, संयुग १० मायक्रोमोलर घालतो आणि मोकळ्या झालेल्या यूएमपीचे पुढच्या एन्झाइमांकरवी एटीपीत रूपांतर करून ल्युसिफरेजचा प्रकाश मोजतो. झेड-प्राइम हा निर्देशांक सातत्याने ०.५ च्या वर राहिला, म्हणजे चाचणी म्हणून ती स्थिर आहे. तरीही मिळालेल्या हिटांकडे, म्हणजे चाळणीत प्रभावी ठरलेल्या संयुगांकडे, पाहून समाधान होत नाही. बहुतेक संयुगे फार जलविरोधी आहेत. एन्झाइमवर जी सर्वांत प्रभावी ठरली ती स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मारत नाहीत, आणि जी एन्झाइमवर जेमतेम चालतात त्यांतली काही मात्र त्याच जीवाणूला ४ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या कमी संहतीत मारतात. ई. कोलायवर तर कशाचाच परिणाम नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, पुढच्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, म्हणजे निरुपयोगी संयुगे लवकर आणि कमी श्रमात गळून जातील? दुसरा, जीवाणू मरतो तो एमआरएवाय अडल्यामुळेच मरतो असे म्हणण्यासाठी कोणता पुरावा पुरेसा मानावा?

उत्तर १: जैवरसायन_वाचक

तुमच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मला ०.१ टक्के डिटर्जंट हा वाटतो. पटलस्थ एन्झाइमांच्या चाळणीत बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो, त्यामुळे आधी त्याचा हिशोब करू.

डोडेसिल माल्टोसाइडचा रेणुभार सुमारे ५११ आहे. ०.१ टक्के म्हणजे लिटरला एक ग्रॅम, म्हणजे जवळपास २ मिलिमोलर. त्यातले साधारण ०.१७ मिलिमोलर एकेकटे रेणू म्हणून विरघळलेले राहतात आणि उरलेले सगळे मायसेलमध्ये, म्हणजे डिटर्जंटच्या रेणूंच्या बारीक गोळ्यांमध्ये, जातात. एका मायसेलमध्ये ढोबळमानाने शंभर रेणू धरले, तर तुमच्या द्रावणात मायसेलची संहती १८ मायक्रोमोलरच्या आसपास येते. तुमचे संयुग १० मायक्रोमोलर आहे. ते फार जलविरोधी असेल तर पाण्यात जवळजवळ उरणारच नाही, मायसेलमध्ये वाटले जाईल आणि दर दोन मायसेलमागे जेमतेम एक रेणू येईल. आता हाच प्रयोग ०.०२ टक्के डिटर्जंटमध्ये करा. मायसेलची संहती २ मायक्रोमोलरच्या थोडी वर जाईल आणि प्रत्येक मायसेलमध्ये संयुगाचे चार-पाच रेणू कोंबले जातील. नळीत टाकलेले संयुग तेवढेच असले तरी एन्झाइमला जाणवणारी संहती कित्येक पटींनी बदललेली असते. म्हणून अशा एन्झाइमांच्या बाबतीत आयसी५० (एन्झाइमचे काम निम्म्यावर आणणारी संहती) हा आकडा डिटर्जंटचे प्रमाण न सांगता लिहिला तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. हीच गोष्ट लिपिड सबस्ट्रेटलाही, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या लिपिडालाही, लागू आहे: त्याची संहती लिटरमागे मोजण्यापेक्षा मायसेलमधील त्याचा वाटा किती हे मोजणे जास्त योग्य.

यातून पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी आपोआप मिळते. सर्व हिटांचे आयसी५० डिटर्जंटच्या तीन वेगवेगळ्या प्रमाणांत मोजा. पाण्यातून येऊन एन्झाइमच्या पेशीद्रवाकडील खोबणीत बसणाऱ्या संयुगाचा आकडा फारसा हलणार नाही. लिपिडाच्या बाजूने येणाऱ्या खऱ्या निरोधकाचा आकडा डिटर्जंटच्या प्रमाणात सरकेल, त्यामुळे सरकला म्हणून लगेच टाकून देऊ नका. मात्र आकडा सरकतो, वक्र नेहमीपेक्षा फार तीव्र उताराचा आहे आणि एकाच मायसेलमध्ये अनेक रेणू जमल्यावरच परिणाम दिसू लागतो, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर ते संयुग एन्झाइमला नव्हे तर मायसेललाच बिघडवत आहे असे समजावे. विद्राव्य एन्झाइमांच्या चाळणीत संयुगांचे कोलॉइडी गोळे एन्झाइमला शोषून घेतात आणि चिमूटभर डिटर्जंट घातला की हा दोष उघडकीस येतो. तुमच्या चाचणीत डिटर्जंट मुळातच असल्याने तो सोपा मार्ग बंद आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रकाशाच्या मोजणीची. यूएमपीपासून प्रकाशापर्यंत मध्ये जितकी एन्झाइमे आहेत त्यांतले कोणतेही अडले तरी प्रकाश कमी होईल आणि तुम्हाला ते एमआरएवायचे निरोधन वाटेल. ल्युसिफरेजला अडवणारी छोटी सपाट संयुगे तर प्रत्येक मोठ्या संग्रहात भरपूर असतात. एमआरएवाय न घालता थेट यूएमपी घालून सर्व हिट पुन्हा तपासा, आणि जिथे प्रकाश कमी होतो ती सगळी बाजूला काढा. त्यानंतर वेगळ्या तत्त्वावरची एक चाचणी हवीच. डॅन्सिल हा चमकणारा गट जोडलेले यूडीपी-म्युरामिल-पेंटापेप्टाइड वापरले, तर तो गट पाण्यातून मायसेलच्या तेलकट परिसरात गेल्यावर त्याचे प्रदीपन वाढते आणि मध्ये दुसरे कोणतेही एन्झाइम लागत नाही. तिचाही एक दोष आहे. डॅन्सिलला ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश द्यावा लागतो आणि तिथे पुष्कळ संयुगे स्वतःच प्रकाश शोषतात किंवा चमकतात. पण दोन चाचण्यांचे दोष वेगळे असल्यामुळे दोन्हींत टिकणारे संयुग भरवशाचे ठरते.

तिसरी पायरी थोडी कष्टाची आहे, तरी टाळू नये. एन्झाइमला डिटर्जंटमधून काढून लिपिडाच्या थरात ठेवा. नॅनोडिस्क (लिपिडाच्या थराची छोटी चकती) किंवा लिपोसोम (लिपिडाची पोकळ पिशवी) जमत नसतील तर ई. कोलायमध्ये एमआरएवाय भरपूर प्रमाणात बनवून त्या पेशींचे नुसते पटल वेगळे करून वापरले तरी चालेल. डिटर्जंटमध्ये दिसलेला परिणाम तिथे नाहीसा होणारी संयुगे बरीच निघतील अशी माझी अपेक्षा आहे. नियंत्रणासाठी ट्युनिकामायसिन आणि शक्य झाल्यास म्युरायमायसिन ठेवा. २०१६ साली म्युरायमायसिन डी२ बांधलेल्या एमआरएवायची रचना प्रसिद्ध झाली, आणि बांधणीच्या वेळी एन्झाइमचा आकार बराच बदलतो व त्या बदलातूनच खोबण घडते असे तीत दिसले. म्हणून रिकाम्या रचनेवर संगणकाने बसवलेल्या संयुगांवर फार विसंबू नका. तसेच या कुळातली काही संयुगे एन्झाइमला सावकाश बांधली जातात, त्यामुळे सबस्ट्रेट घालण्यापूर्वी एन्झाइम व संयुग काही काळ एकत्र ठेवून आणि न ठेवता, अशा दोन्ही पद्धतींनी मोजणी करावी.

उत्तर २: पेशी_आधी

वरील उत्तरातील रसायनाशी मी सहमत आहे, पण मुळात शुद्ध एन्झाइमपासून सुरुवात करावी का याविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने १९९५ ते २००१ या काळात बहुतांशी जीवाणूंच्या जनुकसंचांतून निवडलेल्या लक्ष्यांवर ७० मोठ्या चाळण्या केल्या आणि त्यांतून पुढे नेण्याजोगी फक्त पाच संयुगे निघाली, असे त्यांच्याच शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केले. त्या अनुभवातून बहुतेकांनी घेतलेला बोध असा, की एन्झाइमला अडवणारे संयुग मिळणे तुलनेने सोपे आहे, पण ते संयुग जीवाणूच्या आत पोहोचणे आणि तिथे टिकणे ही वेगळीच अडचण आहे. शुद्ध एन्झाइमच्या चाचणीत ती अडचण कधीच समोर येत नाही.

याउलट बेडाक्विलिन पाहा. क्षयाच्या जंतूच्या कुळातील, पण वेगाने वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसच्या जिवंत पेशींवर चाळणी करून ते संयुगकुळ सापडले. ते नेमके कशावर काम करते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. मग त्याला दाद न देणारे जीवाणू वेगळे करून त्यांचा जनुकसंच वाचला, तेव्हा बदल एटीपी-ई या जनुकात, म्हणजे पटलातील एटीपी सिंथेजच्या सी या उपघटकात सापडला. हे काम २००५ साली प्रसिद्ध झाले आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. एटीपी सिंथेज आपल्याही मायटोकॉन्ड्रियात असते, त्यामुळे लक्ष्य आधी ठरवणाऱ्या कोणत्याही समितीने ते बहुधा पहिल्याच बैठकीत नाकारले असते. प्रत्यक्षात मानवी एन्झाइम बेडाक्विलिनला वीस हजार पटींहून कमी संवेदनशील निघाले. पटलातील एन्झाइम औषधासाठी उत्तम लक्ष्य असू शकते हे यातून सिद्ध होते, पण तिथे पोहोचण्याची वाट जिवंत पेशीतून गेली.

म्हणून माझा सल्ला असा, की तुमच्याकडची जी संयुगे जीवाणूला मारतात ती आधी घ्या, एन्झाइमवर त्यांचे आकडे कमजोर दिसत असले तरी. जे आत शिरते त्याची ताकद रसायनशास्त्रज्ञ वाढवू शकतो. जे आत शिरतच नाही त्याला आत नेणे फार कठीण जाते. तुमच्या यादीत ४ मायक्रोग्रॅमला मारणारे संयुग असेल तर ते सोडून मायसेलचा हिशोब करत बसणे मला पटत नाही.

उत्तर ३: जनुकवेध

पेशी_आधी यांनी दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, परंतु त्यांच्या सल्ल्यातील शेवटचा भाग जसाच्या तसा अमलात आणला तर धोका आहे. जलविरोधी संयुग एन्झाइमवर कमजोर आहे आणि तरीही स्टॅफिलोकॉकसला मारते, याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण ते पटलच बिघडवते हे आहे. क्षयाच्या संशोधनातच याचा मोठा दाखला आहे. पेशींवरच्या चाळण्यांतून एमएमपीएल३ या पटलातील वाहक प्रथिनाविरुद्ध, रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी काहीही नाते नसलेली, अनेक संयुगे पुन्हा पुन्हा सापडली. त्यांतील एसक्यू१०९ सारखी काही पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरकच नाहीसा करतात असे पुढे दिसले. म्हणजे प्रतिरोधाचा बदल एका जनुकात सापडला, तरी त्या संयुगाचे काम तेवढ्यापुरतेच मर्यादित असेल असे नाही.

त्यामुळे मारणाऱ्या प्रत्येक संयुगाची आधी पटलासाठी तपासणी व्हावी. डाय-एस-सी-३-५ हा रंग पटलाचा विद्युतदाब कोसळला की मोकळा होऊन चमकू लागतो, आणि प्रोपिडियम आयोडाइड पटलाला भोके पडली तरच आत शिरते. दोन्ही एकत्र वापरा, कारण नुसता विद्युतदाब घालवणारे संयुग भोके पाडत नाही आणि एकट्या प्रोपिडियमच्या चाचणीत ते निर्दोष ठरते. तुलनेसाठी नायसिन, ग्रॅमिसिडिन आणि सीसीसीपी ही पटल बिघडवणारी ज्ञात संयुगे ठेवा. मोजणी एमआयसीच्या (जीवाणूची वाढ थांबवणाऱ्या किमान संहतीच्या) एक ते चार पट संहतीत आणि पहिल्या काही मिनिटांतच करा. तासाभराने मेलेल्या पेशीचे पटल कोणत्याही कारणाने फुटलेले असू शकते, आणि भित्तिकेवर काम करणाऱ्या औषधाने तर ते फुटणारच. याच जोडीला तांबड्या रक्तपेशी फुटतात का ते पाहा आणि सीरम घालून एमआयसी किती वाढते ते मोजा. या साध्या चाचण्यांत तुमची यादी बरीच लहान होईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुराव्याचा. माझ्या मते कोणताही एक पुरावा पुरेसा नाही, पण पुढील गोष्टी एकमेकींना दुजोरा देत असतील तर शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

पहिली गोष्ट मात्रेची. पेशीतले एमआरएवाय कमी केले तर जीवाणू त्या संयुगाला जास्त बळी पडला पाहिजे आणि वाढवले तर कमी. एन्झाइम कमी करण्यासाठी क्रिस्पर-आयची (जनुक न कापता त्याचे वाचन दाबण्याची) पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. २०१६ साली बॅसिलस सबटिलिसच्या अत्यावश्यक जनुकांचा असा संपूर्ण संच तयार झाला आणि त्याच कामात एका अनोळखी संयुगाचे लक्ष्य यूपीपीएस हे एन्झाइम आहे हेही दाखवले गेले. ५५ कार्बनांची जी लिपिड साखळी एमआरएवायला लागते ती यूपीपीएसच बनवते, त्यामुळे ते उदाहरण तुमच्या कामाला फार जवळचे आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा: एमआरएवाय कमी झालेली पेशी मुळातच अशक्त असते आणि भित्तिकेवरच्या इतर औषधांनाही हळवी होऊ शकते. म्हणून त्याच पेशीवर व्हॅन्कोमायसिन, फॉस्फोमायसिन आणि भित्तिकेशी संबंध नसलेले एखादे प्रतिजैविक लावून पाहा, आणि मर-जी कमी केलेली पेशीही शेजारी ठेवा. फरक फक्त तुमच्या संयुगालाच आणि फक्त एमआरएवायच्याच पेशीत दिसला तर तो अर्थपूर्ण मानावा. पेशी आधी की एन्झाइम आधी या वादातही मला हीच मधली वाट वाटते. मर्क कंपनीने मेदाम्ले बनवणारे एफएबी-एफ हे एन्झाइम कमी केलेल्या स्टॅफिलोकॉकसवर नैसर्गिक अर्क तपासून प्लॅटेन्सिमायसिन शोधले, ते २००६ साली प्रसिद्ध झाले. तिथे लक्ष्यही ठरलेले होते आणि पेशीही जिवंत होती.

दुसरी गोष्ट पेशीत काय साठते आणि काय घटते याची. पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये फॉस्फेटयुक्त पदार्थ साठतात हे पार्क आणि जॉन्सन यांनी १९४९ मध्ये नोंदवले होते, आणि ते युरिडीनची संयुगे असल्याचे पार्क यांनी नंतर दाखवले. एमआरएवाय अडले तर यूडीपी-म्युरामिल-पेंटापेप्टाइड पेशीद्रवात साठेल. पण ते व्हॅन्कोमायसिननेही साठते, म्हणून नुसत्या साठ्यावर थांबू नका. लिपिड-१ आणि लिपिड-२ सुद्धा मोजा. एमआरएवाय अडल्यास ती दोन्ही घटली पाहिजेत, तर मोएनोमायसिनसारख्या पुढची पायरी अडवणाऱ्या संयुगाने लिपिड-२ वाढते. वरचे साठले आणि खालचे घटले, असा जोडनिकाल पटल फोडणारे संयुग सहसा देऊ शकणार नाही.

तिसरी गोष्ट प्रतिरोधी उत्परिवर्तनांची. एमआयसीच्या चौपट संहतीवर वाढणारे जीवाणू निवडून त्यांचा पूर्ण जनुकसंच वाचा. बदल एमआरएवायच्या जनुकात मिळाला, तर तो बदल मूळ पेशीत नव्याने घालून प्रतिरोध परत दिसतो का ते पाहा, आणि बदललेले एन्झाइम शुद्ध करून त्यावरचा आयसी५० वाढला आहे का तेही मोजा. ही साखळी पूर्ण झाली की पुरावा भक्कम. प्रतिरोधी जीवाणू मिळालेच नाहीत तर त्याचे दोन अर्थ संभवतात. टेक्सोबॅक्टिन, जे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते प्रथिनाला नव्हे तर लिपिड-२ सारख्या रेणूंनाच पकडते, म्हणून त्याला प्रतिरोध सहज मिळाला नाही. पण पटल फोडणाऱ्या संयुगालाही प्रतिरोध सहज मिळत नाही. एकाच एन्झाइमविरुद्ध असल्याचा दावा असलेल्या संयुगाला प्रतिरोध मिळत नसेल, तर आनंद मानण्यापूर्वी संशय घ्यावा.

आणखी एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून जोडतो. मानवी पेशीत डीपीएजीटी१ हे एन्झाइम एमआरएवायचे दूरचे नातलग आहे आणि प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवण्याची पहिली पायरी तेच करते. ट्युनिकामायसिन दोघांनाही अडवते, म्हणून ते औषध होऊ शकले नाही. हा प्रश्न शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नका. पहिल्या दहा-वीस संयुगांतच डीपीएजीटी१ वरचे निरोधन मोजले, तर रसायनाची दिशा वेळेवर ठरते.

लिपिडवाट (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. क्रम आता असा लावतो: थेट यूएमपी घालून तपासणी, डिटर्जंटची तीन प्रमाणे, डॅन्सिलची चाचणी, मग पटलातील एन्झाइम. मारणाऱ्या संयुगांसाठी समांतरपणे दोन्ही रंगांची चाचणी आणि एमआरएवाय कमी केलेल्या बॅसिलसवरची एमआयसी. एक शंका उरते. समजा एखादे संयुग या सगळ्या एन्झाइम-चाचण्यांतून पार झाले, पटलातल्या एन्झाइमवरही चांगले चालले, पण कोणत्याच पेशीला मारत नाही. ते सोडून द्यावे का? आणि ई. कोलायच्या बाबतीत अपयश नेमके कुठे येते हे कसे ओळखावे?

उत्तर ४: औषधरसायन

तुमच्या शंकेचे दोन्ही भाग एकाच प्रयोगातून बऱ्याच अंशी सुटतील. ते संयुग ई. कोलायच्या चार स्थितींत तपासा: मूळ पेशी, टोल-सी काढलेली पेशी म्हणजे मुख्य उपसा पंप निकामी झालेली, एलपीटी-डी मध्ये दोष असलेली म्हणजे गळके बाह्यपटल असलेली, आणि दोन्ही दोष एकत्र असलेली. दोषयुक्त पेशी मिळत नसतील तर मूळ पेशीला पॉलिमिक्सिन बी नोनापेप्टाइड थोडे देऊन बाह्यपटल सैल करता येते. टोल-सी नसताना मारते, पण एरवी नाही, तर संयुग आत जाते आणि बाहेर फेकले जाते. गळक्या बाह्यपटलाच्या पेशीलाच मारते, तर अडथळा बाह्यपटलाचा आहे. दोन्ही दोष असूनही मारत नाही आणि बाह्यपटल नसलेल्या स्टॅफिलोकॉकसलाही मारत नाही, तर बहुधा ते आतले पटल ओलांडू शकत नाही. एमआरएवायची खोबण पेशीद्रवाच्या बाजूला उघडते, म्हणून बाहेरून येणाऱ्या संयुगाला ई. कोलायमध्ये दोन पटले पार करावी लागतात.

या बाबतीत लक्ष्यालक्ष्यांत फरक आहे हे नमूद करायला हवे. सिग्नल पेप्टिडेज लेप-बी चे क्रियास्थान दोन पटलांच्या मधल्या जागेकडे असते, त्यामुळे तिथे बाह्यपटल ओलांडले तरी पुरते. ॲरिलोमायसिन या दुबळ्या नैसर्गिक संयुगात बदल करत जेनेन्टेकच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जी०७७५ जाहीर केले. ते त्या एन्झाइमच्या लायसिनशी सहसंयुज बंध करते आणि ई. कोलायसारख्या ग्राम-ऋण जीवाणूंवर प्रभावी ठरते. लिपोप्रथिनांचे टोक कापणाऱ्या एलएसपीए या एन्झाइमचीही खोबण त्याच बाजूची. त्याला ग्लोबोमायसिन अडवते, पण ई. कोलायने एलपीपी हे एकच प्रथिन बनवणे थांबवले तरी त्याची संवेदनशीलता बरीच घटते, म्हणजे पोहोचणे सोपे असले तरी निसटण्याची वाट जवळ आहे. एमआरएवायला पोहोचणे अवघड आहे, पण त्याला पर्यायी मार्ग नाही, आणि म्हणूनच मला ते श्रम घेण्याजोगे लक्ष्य वाटते.

आत न शिरणारे संयुग म्हणून सोडून द्यावे का, याचे उत्तर त्याच्या सांगाड्यावर अवलंबून आहे. ई. कोलायमध्ये कोणती संयुगे साठतात याचा अभ्यास करून हर्गेनरॉदर यांच्या गटाने २०१७ साली काही ठोकताळे मांडले: आयनीभवन होऊ शकणारा अमिन गट, शक्यतो प्राथमिक, रेणू सपाट, आणि फिरू शकणारे बंध पाचपर्यंत. तुमच्या संयुगात एन्झाइमशी संपर्क न येणारी एखादी बाजू असेल आणि तिथे असा अमिन जोडता येत असेल, तर ते ठेवा आणि मोजकी रूपे बनवून पाहा. परंतु जलविरोधी सांगाड्याला धन प्रभाराचा अमिन जोडला की तयार होणारा रेणू पटल फोडणाऱ्या संयुगांसारखा दिसू लागतो. नव्या रूपाने ई. कोलाय मेला की लगेच यश मानू नका. जनुकवेध यांनी सांगितलेल्या दोन्ही रंगांच्या चाचण्या आणि एमआरएवाय कमी केलेल्या पेशीवरची तुलना प्रत्येक नव्या रूपासाठी पुन्हा करा. एमआयसी सुधारत गेली आणि एन्झाइमवरचा आयसी५० मात्र तिथेच राहिला किंवा बिघडला, तर ती मालिका लक्ष्यापासून दूर चालली आहे असे समजून थांबा.

उत्तर ५: जैवरसायन_वाचक

वरच्या उत्तराला एक जोड देतो. संयुग पेशीत शिरते का, हे एमआयसीवरून अनुमानाने ठरवण्यापेक्षा शक्य असेल तिथे थेट मोजा. जीवाणूंना संयुगाबरोबर थोडा वेळ ठेवून, तेलाच्या थरातून खाली बसवून, धुऊन, फोडून वस्तुमान वर्णपटमापकाने आतले प्रमाण काढता येते. जलविरोधी संयुगांसाठी या मोजणीत एक अडचण आहे: पटलात अडकलेले संयुगही ‘आतले’ म्हणूनच मोजले जाते. एमआरएवायच्या बाबतीत ही अडचण विशेष महत्त्वाची आहे, कारण पेशीद्रवातले संयुग आणि पटलाच्या आतल्या अर्ध्या थरातले संयुग यांपैकी एन्झाइमला कोणते उपलब्ध होते हे तुमच्या संयुगाच्या बांधणीच्या पद्धतीवर ठरेल. म्हणून ही मोजणी करण्यापूर्वी यूडीपी-सबस्ट्रेट वाढवल्यावर आयसी५० वाढतो की लिपिड-सबस्ट्रेट वाढवल्यावर, एवढे पाहून घ्या. पहिल्या प्रकारच्या संयुगांसाठी पेशी फोडून पटल वेगळे काढून फक्त पेशीद्रवातले प्रमाण मोजावे. दुसऱ्या प्रकारासाठी पटलातले प्रमाणच जास्त उपयोगी, आणि ते लिपिडाच्या प्रमाणात मांडले तर तुमच्या मायसेलमधील आकड्यांशी थेट ताडून पाहता येईल.